माझ्या नवऱ्याचा अण्णा

अण्णा,

कुंभकोणम्‌ला, मेलकावेरीच्या तिठ्यावर, तुझा फ्लेक्स अजून लटकतो आहे. कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेतलाय, शेजारच्यांना कापून तुला एकट्याला ठेवलंय, आणि खाली तमिळमध्ये शोक करणाऱ्यांची नावं छापली आहेत. त्यांत माझ्या नवऱ्याचं नाव आहे. विलास. कोल्हापूरचा विलास, ज्याला इतकी वर्षं तिरुच्चीत नोकरी करून केळ्याला धड 'वाळैप्पळम्' म्हणता येत नाही, तो तुझ्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत आहे. माझं नाव नाही. तुझ्या मित्रांना विचारलं तर म्हणाले, "अक्का, जागा पुरली नाही."

तुझी पाठची बहीण मी, आणि मला जागा पुरली नाही. हे तुला सांगितलं असतं तर तू पोट धरून हसला असतास, आणि मग लगेच हाक मारून त्यालाही सांगितलं असतंस. म्हणून आज हे फक्त तुला लिहिते आहे.

भेटायला येणारे ओसरीवर आधी त्याच्याकडे जातात, त्याचे खांदे थोपटतात. तो रडतो, आणि रडतो ते हातचं राखून नाही. मी आत रमावैनींपाशी बसून काफी गाळत असते. माझा नवरा माझ्या भावासाठी रडतो आणि मला त्याचा राग येतो, हे कुणाला सांगायचं? चांगल्या घरच्या बाईनं असं बोलू नये. पण तुझ्याशी मी कधी चांगल्या घरच्या बाईसारखी बोलले होते?

आधी मी होते, अण्णा. बाबांची अँबॅसिडर बिघडली की तू गाडीखाली आणि मी बाहेर उकिडवी. खालून तुझा हात यायचा, बोटांची उघडझाप करायचास, आणि कुठला पाना हवाय ते मला न सांगता कळायचं. नळीनं पेट्रोल ओढायला तूच शिकवलंस. पहिल्यांदा ओढलं तेव्हा तोंडभर आलं. मी थुंकत विहिरीकडे पळाले आणि तू मागून ओरडत होतास, "गिळू नको गे, गिळू नको!" आईनं तुला बदडलं, आणि मार खाता खाता तू मला डोळा मारलास. त्या वेळी आपल्या दोघांत तिसरं कुणी नव्हतं.

मग माझं लग्न होऊन मी कोल्हापूरला गेले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं आपण; घरी मराठी बोलायची आणि लिहायची तमिळ. मी मराठी लिहायला शिकले ती सासरी. माझं बोलणं ऐकून सासूबाई म्हणायच्या, ही मुलगी बखरीतून उठून आल्यासारखी बोलते. त्या हसायच्या, मीही हसायची, आणि मोरीत जाऊन रडायची. फोनवर तुझा आवाज ऐकला की बरं वाटायचं. विलासची बदली तिरुच्चीला झाली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. आता दर आइतवारी कुंभकोणम्, दर आइतवारी अण्णा!

भाऊ परत मिळाला खरा, पण नवऱ्याला मिळाला.

पहिल्याच आइतवारी तू त्याला शेडमध्ये नेलंस. बाबांच्या अँबॅसिडरमध्ये कुठल्याशा अपघातात सापडलेल्या नव्या गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन बसवायचं तुझ्या डोक्यात घोळत होतं. हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. जेवायला बोलवायला आले तर दोघं बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडालेले. तू हात मागं केलास, बोटांची उघडझाप केलीस. मी पुढं झाले, आणि विलासनं तुझ्या हातात पाना ठेवला. बरोबर तोच. मी पदराला हात पुसत परत गेले आणि रसमची फोडणी करपवली.

लोकांना वाटतं इंजिन बसवलं की संपलं. मला विचारा. खरं काम पुढंच असतं. जुन्या इंजिनाला पेट्रोल लागायचं ते घोटघोट. ह्या नव्याला ते सतत, दाबानं लागतं, आणि वापरून उरलेलं दुसऱ्या नळीनं परत टाकीत येतं. म्हणजे टाकी नवी, पंप नवा, नळ्या नव्या, गाळण्या नव्या. जुन्या गाडीला बसेल असं हे बाजारात तयार मिळत नाही, कारण असला वेडेपणा करणारे फार नसतात. तुम्ही दोघं होतात. कोल्हापुराहून त्याच्या मित्रांनी पाठवलेले सांधे, कोइंबतूरहून आणलेला पंप, आजच्या पेट्रोलात मऊ न पडणाऱ्या नळ्या. पाडव्याला माझ्या नवऱ्यानं मला साडी घेतली ती दुकानदारानं निवडली होती, आणि तुझ्या नळीच्या एका सांध्यासाठी हा माणूस कोल्हापूरला चार-चार फोन करत होता.

टाकी तुला पितळेची हवी होती. पितळी भांड्यांच्या कुंभकोणात जन्मून स्टीलच्या टाकीत पेट्रोल भरायचं म्हणजे तुला पंगतीत केळीच्या पानाऐवजी कागदावर जेवल्यासारखं वाटत होतं. विलास म्हणाला, "अण्णा, पितळेचं आणि आजच्या पेट्रोलचं जमायचं न्हाई बघा. स्टील घ्या." तू ऐकलंस. मी जन्मभर तुला गोष्टी सांगितल्या, त्यांतली एक ऐकली नाहीस. त्यानं एकदा सांगितलं आणि पितळ गेलं!

ती टाकी पात्रांच्या गल्लीतल्या आसारीनं ठोकून दिली, देवळांचे मोठाले हंडे करणारा तो. वळणावर पेट्रोल एका अंगाला पळू नये म्हणून आत आडव्या भिंती घालायला तुम्ही सांगितलं होतं, त्या त्यानं घातल्या. आणि देताना रिकामी दिली नाही. नवं भांडं रिकामं द्यायचं नाही, रिकामं घरात आणायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्याच्या लेखी पात्र ते पात्र. त्यानं टाकीच्या तोंडातून मूठभर तांदूळ आत सोडले आणि म्हणाला, "वेरुम् पात्तिरम् कुडुक्क कूडादु, सार." आणि तुम्ही दोघं इंजिनवाले तिथं हात जोडून उभे. घरी येऊन टाकी उलटी केलीत, तांदूळ पडले, तेवढ्यावर समाधान. भिंतींच्या मागं गेलेलं उलटं करून पडत नाही, हे भिंती आखून देणाऱ्यांच्याच डोक्यात आलं नाही.

मग आपण चौघं आडुतुरैकडे निघालो. दोन्हीकडे भातशेतं, आणि गाडी खोकली, पुन्हा खोकली आणि बंद. विलासनं मागची गाळणी उघडली. तांदूळ! भातशेताच्या मधोमध आपली गाडी तांदूळ अडकून बसली होती. तू रस्त्याच्या कडेला फतकल मारलंस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. विलासला म्हणालास, "माप्ळे, हिला जेवण जड झालंय रे!" वैनी म्हणाल्या, "अय्यो, अन्न आहे ते, पायाखाली नको," आणि एक-एक दाणा वेचून रुमालात बांधला.

ही गोष्ट तू कामावर बँकेत सांगितलीस, लग्नांत सांगितलीस, देवळाच्या मंडपात सांगितलीस. दर वेळी सुरुवात ठरलेली: "मी आणि माप्ळे चाललो होतो." अण्णा, मी होते. टाकीतलं पेट्रोल गाळायला फडकं मिळेना तेव्हा माझ्या नव्या ओढणीतून गाळलंत तुम्ही. दोन टोकं तुम्ही धरलीत, दोन मी. मी समोर बसलेली असतानाही तू तसंच सांगायचास, आणि विलास मान डोलवायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी त्या मंडपात बसून अनुभवलं.

सुरुवातीला तू त्याला "या, माप्ळे" म्हणायचास. घरच्या जावयाला म्हणायचं तसं, पाट मांडून. एका आइतवारी आम्ही फाटकातून आत आलो आणि तू शेडमधून ओरडलास, "ये रे, लौकर ये!" वैनींनी कपाळाला हात लावला, जावयाला कुणी 'रे' म्हणतं? विलासचा चेहरा असा फुलला, मी पाहिलं. मी मात्र फाटकाची कडी लावत उभी राहिले. शेडमधली तसली एकेरी हाक आजवर माझी होती.

आता फेसाचं. हे तर तू मुकाट्यानं ऐकच.

तांदूळ निघाले, गाडी धावायला लागली, पण नवीनच खोड. टाकी निम्म्याच्या खाली गेली आणि ऊन चढलं की ती अडखळायची. सकाळी ठीक, दुपारी दमेकऱ्यासारखी. तुम्ही पंप बदललात, तारा बदललात, एकमेकांना शिव्या घातल्यात. मी स्वयंपाकघराच्या दारात दवऱ्यातून, म्हणजे त्या पसरट वाटीतून, पेल्यात उंचावरून काफी ओतत होते आणि फेस चढताना बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, परत येणारं पेट्रोल वरून पडतं ना टाकीत? टाकी रिकामी तेवढं उंचावरून पडणार. फेस होत असेल. पंप फेस ओढत असेल." तू काय म्हणालास? "सरसू, ते तुला कसाला गे? तू काफी बघ." आणि विलास, माझा नवरा, हसला. पेला घेतला आणि हसला.

महिनाभरानं जेवता जेवता विलास थांबला आणि म्हणाला, "अण्णा, परतीची नळी वरनं सोडल्याय आपण. फेस हुतोय बघा." तू उष्ट्या हातानं त्याला मिठी मारलीस. "माप्ळे, तुझं डोस्कं सोन्याचं आहे!" मी वाढत होते. माझ्या हातात सांबारचं भांडं होतं, नाहीतर दुसरं काही केलं असतं.

घरी जाताना मी त्याला धरलं. तर म्हणाला, "व्हय की, तूच म्हणालीवतीस न्हवं? तरीच म्हटलं हे कुठनं सुचलं." कपट नाही त्याच्यात, हेच तर दुःख आहे. कपट असतं तर भांडता आलं असतं. पुढच्या आइतवारी त्यानं तुझ्यासमोर कबूल केलं. आणि तू? बीडा जुळवता जुळवता म्हणालास, "सेरी सेरी, तू सांगटलीस काय, त्यानं सांगटलं काय, अस्की घरांतलंच." अस्की घरांतलंच! सगळं घरातलंच, मिठी मात्र त्यालाच मिळाली होती.

आसारीनं टाकी उघडली, परतीची नळी तळापर्यंत नेली आणि पंपाच्या तोंडापासून लांब, भिंतीच्या पलीकडे सोडली. मी सांगितलेल्या फेसावर हाच उपाय होता. मग एका शुक्रवारी फोनवर मी तुझ्याशी कडाडून भांडले. "एकदा म्हण. एकदाच म्हण, सरसू, ते तुझं होतं." तू हसत होतास. म्हणालास, "आइतवारी ये. टाकी निम्म्याच्या खाली ठेवलोंय. उन्हांत पट्टीश्वरम्‌ला नेऊं. नाही अडखळली तर तिथं देवळासमोर म्हणतों." मी म्हटलं, विसरू नको. तू म्हणालास, "तू विसरूं देशील होय?"

शनिवारी रात्री तू गेलास. आइतवारी आम्ही आलो, पण ते असं आलो.

तेराव्याला बाहेरचे पांगले आणि वैनींनी देवघरातून गाडीची किल्ली आणली. मी उठून उभी राहिले. मला खरंच वाटलं. वैनी माझ्यासमोरून गेल्या आणि ती विलासच्या हातात ठेवली. "माप्ळे, ही तुमीच ठेवून घ्या. ह्यांचं मन अस्की हिच्यांतच होतं, ते तुमालाच ठावें." तो पुन्हा रडायला लागला. सगळे म्हणाले, बरोबर केलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाबांची गाडी, माझा भाऊ, माझा फेस, आणि किल्ली ह्याच्या शर्टाच्या खिशात. वैनींचा राग नाही. तू जे सगळ्या गावाला दाखवलंस तेच त्यांनी पाहिलं. मला राग होता तो तुझ्यावर, आणि मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय हे कुणी शिकवलेलं नसतं.

परवाच्या आइतवारी दुपारी विलास जेवून ओसरीवर लवंडला. शर्ट खुंटीला होता. मी किल्ली काढली आणि शेडमध्ये गेले. तिरुच्चीत मी रोज गाडी चालवते, पण ही मी लग्नानंतर कधी चालवली नव्हती, कारण कधी कुणी म्हटलंच नाही. किल्ली फिरवून थांबले. मागून पंपाचा आवाज आला, हंड्यात भुंगा अडकल्यासारखा. काटा निम्म्याच्या पुष्कळ खाली होता, तू ठेवला होतास तसा. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. मी ओढणी गुंडाळली आणि निघाले.

पट्टीश्वरम्‌च्या रस्त्यावर लोकांनी निम्म्या डांबरावर भात वाळत घातला होता. मी कडेकडेनं काढली. पहिली काही मिनिटं मी तिची तक्रार ऐकायलाच टपले होते. कालव्याच्या पुलाच्या वळणावर ती नेहमी दम टाकायची ना? तिथं मी मुद्दाम जोरात घेतली. नाही अडखळली. पुढच्या चढावर पाय खाली दाबला, आणि ती बाबांची म्हातारी अशी झेपावली की माझ्याच तोंडातून किंचाळी निघाली. गाडी वळवून मागं आणली, तोच पूल, पुन्हा घेतला. एकदाही नाही.

देवळापाशी थांबवली. फुलवाला पुढं आला, गाडीभोवती फिरला. "यार वंडी, अक्का?" मी म्हटलं, माझ्या अण्णाची. मग माझ्याच्यानं राहवेना. मी त्याला सांगू लागले की टाकी निम्म्याच्या खाली आहे आणि उन्हात चालली आहे, आणि परतीची नळी वरून पडत होती ती आता तळाशी आहे, आणि हे पहिल्यांदा कुणाला सुचलं ठाऊक आहे का? त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मल्लीपूची, मोगऱ्याची, माळ पुढं केली. किती मुळम्, म्हणजे किती हात लांब, देऊ म्हणाला. मी जिंकले होते, अण्णा, आणि अख्ख्या पट्टीश्वरम्‌मध्ये त्याचा अर्थ कळणारं एक माणूस नव्हतं. जगात अशी माणसं दोनच. त्यांतला एक देवळासमोर कबूल करायला यायचा होता तो आला नाही.

दुसऱ्याला आणायला मला परत जावं लागलं. मनावर दगड ठेवून गेले, हे लिहून ठेवते.

विलास गल्लीच्या तोंडाशी उभा होता, अनवाणी, तापल्या रस्त्यावर पाय उचलत, बनियनवर. किल्ली का नेलीस, एकटी का गेलीस, काही नाही. खिडकीला धरून त्यानं एवढंच विचारलं, "अडखळली?"

मी म्हटलं, "नाही."

"पुलावर?"

"पुलावर दोनदा घेतली. नाही."

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. मग सवयीनं माझ्या बाजूचं दार उघडायला आला. मी म्हटलं, "तिकडून बस." तो निमूट फिरून आला आणि शेजारी बसला. गाडी सुरूच होती.

मी समोर बघत विचारलं, "फेसाचं माझं होतं, असं तो तुझ्याजवळ कधी बोलला?"

विलास खोटं बोलू शकला असता. नवरे बोलतात. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "न्हाई गं. कधीच न्हाई." मला फस्सकन हसू आलं. तूच तो, अण्णा. मेल्यावरसुद्धा कबूल करायचा नाहीस.

पूल जवळ आला तशी मी वेग घेतला. विलासनं डाव्या हातानं सीटची कड धरली, मग ओशाळून सोडली. म्हणाला, "अण्णांची सवय लागली बघ मला. ते असंच धरायचे."

"कशाला?"

"भ्यायचे की. गाडी साठाच्या वर गेली की डोळे गच्च मिटायचे आणि माझा हात दाबून धरायचे. म्हणून तर मला चालवायला लावायचे. तुला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तू लाडानं त्याला स्टिअरिंग देतोस. विहिरीत उडी मारणारा, सापाला काठीनं उचलणारा, मार खाताना डोळा मारणारा माझा अण्णा. माझ्यासमोर तुला भिता आलं नाही ना रे कधी? मी तुझ्या पाठची होते. भ्यायला तुला कुणीतरी दुसरं लागलं.

तुझं जे माझ्याजवळ आहे ते मला पाठ आहे. त्यात आता नवीन काही येणार नाही. पण ह्याच्याजवळ एवढे आइतवार आहेत, ज्यांवर मी जळत स्वयंपाकघरात उभी होते आणि ज्यांतलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही.

मी वेग कमी केला. घरी न वळता गाडी आडुतुरैच्या, त्या तांदळाच्या, रस्त्याला घातली.

"अजून सांग," मी म्हटलं.